काटोलचा दगड आणि मॅसालियाचे घराणे

२२ मे २०१२ रोजी भर दुपारी, दोन वाजून गेल्यावर, नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात आकाशात मोठा गडगडाट झाला आणि वरून दगड पडले. आकाशातून येणाऱ्या अशा दगडाला शास्त्रात अशनी म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्याचे सुमारे १३ किलो वजनाचे तुकडे गोळा केले. लोकांनी सांगितले आणि तज्ज्ञांनी ऐकले. आज हे आम्हांस स्वाभाविक वाटते; परंतु अडीचशे वर्षांपूर्वी तसे नव्हते.

१३ सप्टेंबर १७६८ रोजी फ्रान्समधील ल्यूसे येथे शेतमजुरांनी असाच एक दगड पडताना पाहिला. बॅशले नावाच्या धर्मगुरूंनी तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पोहोचविला. लाव्हाझिए यांच्यासारखे थोर रसायनशास्त्रज्ञ ज्या समितीत होते, तिने निर्वाळा दिला, की हा पृथ्वीवरचाच, विजेने होरपळलेला दगड होय. दगडाची परीक्षा झाली. ज्यांनी तो पडताना पाहिला, त्यांच्या शब्दाला मात्र किंमत मिळाली नाही.

पुढे १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे थिएटाइन संघाचे धर्मगुरू जुझेप्पे पियात्झी यांना सेरेस हा पहिला लघुग्रह दिसला. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान अशा असंख्य लहान गोलांचा पट्टा आहे, हे हळूहळू उलगडत गेले. २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीतील लेग्ल येथे हजारो दगडांचा वर्षाव झाला, तेव्हा बियो हे तरुण शास्त्रज्ञ स्वतः तेथे गेले, गावोगाव फिरले आणि लोकांना विचारून त्यांनी साक्षी जुळविल्या. आकाशातून दगड पडतात, हे त्यानंतर विद्वानांनी मान्य केले.

१९ सप्टेंबर १८५२ रोजी नेपल्स येथे दे गास्पारिस यांनी मॅसालिया हा विसावा लघुग्रह शोधला. दुसऱ्याच रात्री मार्सेय येथून शाकोर्नाक यांनाही तो स्वतंत्रपणे आढळला आणि त्या नगराच्या प्राचीन ग्रीक नावावरून त्याचे नामकरण झाले. मॅसालिया हा पाषाणमय लघुग्रह आहे. त्याचा व्यास सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे आमच्या ठाकुर्लीहून पुण्यापर्यंतच्या लोहमार्गाएवढा. सूर्यापासून तो पृथ्वीच्या सरासरी २.४ पट अंतरावर आहे. त्याची एक प्रदक्षिणा पावणेचार वर्षांत, तर स्वतःभोवतीची फेरी आठ तासांत पूर्ण होते. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी एक अंशाहूनही कमी कललेली आहे.

या मॅसालियाचा आपल्या काटोलशी संबंध काय? ल्यूसे, लेग्ल आणि काटोल येथील तिन्ही अशनी ‘एल ६ कॉन्ड्राइट’ या एकाच प्रकारचे आहेत. पृथ्वीवर पडताना पाहिलेल्या अशनींपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक ‘एल’ गटातील असतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या गटाचे उगमस्थान मॅसालियाचे घराणे, म्हणजे आघाताने त्यापासून फुटून निघालेल्या तुकड्यांचा समूह, हे आहे. असा एक प्रचंड आघात सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी झाला. त्या काळी समुद्रतळी पडलेले दगड आज स्वीडनमधील चुनखडीच्या खाणींत, फरशा कापताना सापडतात. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी आणखी एक आघात झाला. आज येणारे बहुतेक ‘एल’ अशनी त्यातील होत.

अशा आघातांची खूण काटोलच्या दगडातही आहे. २०२१ साली भारतीय शास्त्रज्ञांनी त्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात ते ६६० किलोमीटरहून अधिक खोल असते आणि तेथवर कोणीही पोहोचलेले नाही. माणसाच्या आवाक्याबाहेरचे हे खनिज काटोलच्या लोकांसमोर आकाशातून आले.

ल्यूसेच्या मजुरांना न्याय मिळण्यास तीन तपांहून थोडा कमी काळ लागला. म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते: घरातील कोणी आकाशातून काही पडताना पाहिल्याचे सांगितले, तर हसू नये. वेळ व दिशा विचारून टिपून ठेवावी. दगड सापडल्यास तो न धुता, न फोडता भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेस कळवावे.