‘बी’ कोंबडीचा

प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींतला ‘बी’ म्हणजे बोन मॅरो, असं पुष्कळजण ठोकून देतात. माणसात या पेशी अस्थिमज्जेतच तयार होतात, पण अक्षर आलं कोंबडीकडून. तिच्या शेपटाकडच्या ‘बर्सा’ नावाच्या पिशवीवरून. ब्रूस ग्लिक आणि टिमोथी चँग यांना दिसलं, की ही पिशवी काढलेल्या बहुतेक कोंबड्यांत प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. १९५६चा हा शोध छापला कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात. वैद्यकातले लोक ते कशाला चाळतील! संसर्ग झाला, की बी-पेशी लसिकाग्रंथींत आपली प्रतिपिंडाची जनुकं भराभर बदलतात. बरेच बदल फुकट जातात. जंतूला अधिक घट्ट धरणाऱ्या पेशी तगतात. त्यांची प्रतिपिंडं विषाणूला पेशीत शिरू देत नाहीत, जिवाणूला भक्षकपेशींच्या तोंडी देतात.