शेतकऱ्यांनी उघडलेले इंजिन

अमेरिकेच्या खेड्यांत मोटारगाडी पहिल्यांदा आली तेव्हा तिचे स्वागत झाले नाही. शहरातल्या श्रीमंतांचे हे धूळ उडवणारे, घोडे बुजवणारे वाहन आपल्या भागात येऊ नये म्हणून काही ठिकाणी शेतकऱ्यांनी रस्तेच खणून ठेवले होते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत याच शेतकऱ्यांपैकी अनेक जण गाडीचे इंजिन अंगणात खोलून पुन्हा बांधू लागले. हा बदल कसा घडला? गाडी स्वस्त झाली, हे उत्तर खरे आहे; पण ते पुरेसे नाही. एखादे यंत्र उघडून पाहावे असे वाटण्यासाठी मुळात ते उघडता यायला हवे.

हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने १९०८ साली आणलेली ‘मॉडेल टी’ तशी होती. इंजिन २.९ लिटरचे, शक्ती अवघी २० अश्वशक्ती. चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात होते आणि वरचे झाकण, म्हणजे हेड, वेगळे होते. त्या काळी पुष्कळ इंजिनांत हेड आणि सिलिंडर मिळून एकच ओतकाम असे. इथे मात्र १५ बोल्ट काढले की हेड उचलता येई. पिस्टनवर साठलेला कार्बन खरवडायचा, व्हॉल्व्हच्या कडेला तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावून तो बैठकीवर अर्धवट पुढे-मागे फिरवत घासायचा, की गेलेला दाब परत मिळे. हे काम पाना आणि थोडा धीर असलेल्या कोणालाही जमण्यासारखे होते.

१९१७ मध्ये याच इंजिनावर एक टनी ट्रक निघाला, ‘मॉडेल टीटी’. सुरुवातीची काही वर्षे कंपनी त्याची फक्त चासी विकत असे. मागचा लाकडी सांगाडा ज्याचा त्याने बनवायचा किंवा बनवून घ्यायचा! साहजिकच, गाडीवर शिकलेले सारे ट्रकवर उपयोगी पडले. बहुतेक शेतांवर वीज पोचलेली नव्हती. गाडीचे मागचे चाक उचलून धरायचे, त्यावर पट्टा चढवायचा आणि लाकूड कापायची करवत किंवा पाण्याचा पंप फिरवायचा, असे उद्योगही चालत.

पण आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती दोष शोधण्याची पद्धत. चालकासमोरच्या फळीवर एक लाकडी पेटी असे. तीत चार कॉइल, प्रत्येक सिलिंडरला एक. तत्त्व आपल्या विजेच्या घंटेचेच: प्रवाह सुरू झाला की लोखंडी गाभा पट्टीला ओढतो, मंडल तुटते, पट्टी परत येते. या थरथरण्यामुळे कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यांत उच्च दाब निर्माण होऊन स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. वीज मिळे ती फ्लायव्हीलवर बसवलेल्या १६ चुंबकांपासून.

आता समजा, इंजिन अडखळत आहे. चारांपैकी कोणता सिलिंडर पेटत नाही? कंपनीची माहितीपुस्तिका प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात होती आणि तिने सांगितलेला उपाय असा: इंजिन चालू ठेवून दोन्ही टोकांच्या कॉइलच्या पट्ट्या बोटांनी दाबून धरा. १ आणि ४ बंद पडले. उरलेले २ आणि ३ नियमित पेटत असतील तर दोष १ किंवा ४ मध्ये आहे. आता ४ ची पट्टी सोडा आणि बाकीच्या तिन्ही दाबा. ४ नीट पेटला, तर दोषी १. यापुढे कॉइलची अदलाबदल करून पाहता येई. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला तर कॉइल खराब. जागच्या जागी राहिला तर प्लग, तार किंवा व्हॉल्व्ह पाहायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा प्रयोगशाळेतला नियम इथे बोटांनी पाळला जात होता, आणि उत्तर कानाला ताबडतोब मिळत होते.

कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचे काम याहून नाजूक. बेअरिंगला व्हाइट मेटलचे अस्तर असे. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा हा मऊ मिश्रधातू. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ मध्ये तो पुढे आणला. महागडा क्रँकशाफ्ट झिजण्याऐवजी मऊ अस्तर झिजावे, हा हेतू. झीज वाढली की इंजिन ठोकू लागे. मग तेल काढून तळाची झडप उघडायची, एका रॉडची टोपी काढायची आणि तिच्या टोकांवरून कानस अगदी हलकी फिरवायची. टोपी परत घट्ट बसवून पुढचे हँडल फिरवून पाहायचे: किती जड जाते? जमले की ती टोपी पुन्हा सैल करून पुढच्या रॉडकडे जायचे. सैल का? कारण हाताला लागणारा जडपणा त्या एकाच बेअरिंगचा असायला हवा. सगळी तपासून झाली की मगच सर्व बोल्ट आवळायचे. कानस एकदा जास्त चालली तर घासलेला धातू परत येत नाही, हे प्रत्येकाला फार लवकर कळत असावे.

याचे फार गोडवे गाऊ नयेत, असेही आम्हाला वाटते. या इंजिनात तेलाचा पंपच नव्हता; फिरत्या भागांनी उडवलेल्या तेलावर सगळी भिस्त. बेअरिंग वारंवार झिजे म्हणूनच ते वारंवार उघडावे लागे. हँडल मारताना ठिणगीची वेळ मागे घ्यायला विसरले तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगटाचे हाड मोडे. फोर्डने विजेचा स्टार्टर द्यायला १९१९ साल उजाडले. आणि फोर्ड यांना शेतकऱ्यांना प्रयोगपद्धती शिकवायची नव्हती, गाड्या विकायच्या होत्या. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या.

नंतरची इंजिने अधिक टिकाऊ झाली आणि उघडायचे प्रसंग कमी झाले. पुढे त्यांत संगणक आला. बिघाड आता सांकेतिक क्रमांकाने कळतो, पण त्यामागची माहिती निर्मात्याकडे असते. ती मालकाला आणि स्वतंत्र गॅरेजला मिळालीच पाहिजे, या मागणीवर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदान झाले आणि ती मोठ्या बहुमताने मान्य झाली.

जुन्या टी आणि टीटी चालत्या ठेवणारे हौशी लोक आजही आहेत. व्हाइट मेटल ओतणारे कारागीर शोधणे त्यांना जड जाते. टीटीमध्ये ते सहसा एक बदल करतात. तिचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हे, गिअरपेटीतल्या ढोलावर लागतो. मागच्या आसातले काशाचे दातेरी चाक झिजून तुटले, तर भरलेल्या ट्रकला तो ब्रेक उरतच नाही. म्हणून इंजिन मूळचे ठेवून मागच्या चाकांना जादा ब्रेक बसवले जातात.