ग्राफिक्स कार्ड, वॅट आणि लोडशेडिंग

घरच्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हटलं की पुण्यातले माझे मित्र आधी फ्रेम रेट विचारतात. आमच्या साताऱ्यात आणि आजोळी सांगलीत पहिला प्रश्न वेगळाच असायचा : "यूपीएसला झेपेल का?" तेव्हा आम्हाला हा प्रश्न अगदी गावठी वाटायचा. पण कार्डांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास काढून बसलो, तर खरा मुद्द्याचा प्रश्न तोच होता असं माझं मत झालंय.

सुरुवात तशी गरीब होती. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचं वूडू आलं. ते फक्त त्रिमिती चित्रं काढायचं. साध्या कामाला दुसरं कार्ड लागायचंच, आणि दोघांच्या मध्ये एक वायर. त्याला पंखासुद्धा नव्हता. लागणारी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळायची, बास. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ काढलं आणि 'जीपीयू' हा शब्द गाजवला. २००० मध्ये वूडू ५ ५५०० ला हार्ड डिस्कला लावतात तसली पॉवरची वायर वेगळी जोडावी लागायला लागली. त्याच वर्षाच्या शेवटी थ्रीडीएफएक्सने आपलं बरंचसं सामान-सुमान एनव्हिडियाला विकायला काढलं. असो, ती एक वेगळीच कहाणी आहे.

आपल्याकडे मात्र असेंबल्ड पीसीत कार्ड नसायचंच. इंटेलच्या ८१० चिपसेटने १९९९ मध्ये ग्राफिक्स बोर्डातच घातलं आणि एजीपी स्लॉट दिलाच नाही. २००२ च्या ८४५जीएलचीही तीच गत. दुकानदार सांगायचा, "ऑनबोर्ड आहे, काळजी नको." दोन वर्षांनी अपग्रेडसाठी कॅबिनेटचं झाकण उघडलं की कळायचं, कार्ड खोचायला जागाच नाही! मग साध्या पीसीआय स्लॉटमध्ये चालणारं एफएक्स ५२०० शोधा, नाहीतर बोर्ड बदला.

स्लॉट असलेल्यांची दुसरी गंमत. २००२ चं जीफोर्स ४ एमएक्स ४४० नावाने 'चार' होतं, पण २००१ च्या जीफोर्स ३ मध्ये असलेले पिक्सेल शेडर त्यात नव्हते. आतून ते जीफोर्स २ च्याच घराण्यातलं. २००३ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम' त्यावर चालायचाच नाही. जुनं कार्ड चालेल आणि नवं नाही, हे घरी वडिलांना कसं समजावणार?

आता विजेकडे येतो. कोयनेचं धरण आमच्या जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. १९६२ पासून वीज. आज सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट क्षमता. पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला जातं आणि टर्बाइन फिरतात तिकडे चिपळूण तालुक्यात, पोफळीकडे. (शाळेच्या सहलीत हे ऐकून आम्ही उगाचच छाती फुगवून आलो होतो.) आणि तरीही २००५ नंतरची काही वर्षं सातारा काय, सांगली काय, भारनियमनाचं वेळापत्रक पेपरातून कापून भिंतीवर चिकटवलेलं असायचं. पुढे फीडरवरची गळती आणि वसुली बघून गट पाडले. म्हणजे तुमच्या गल्लीत किती तास लाइट हे शेजारी बिल भरतात का यावरही ठरायचं!

अशा घरात ६०० व्हीए चा यूपीएस. आत बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. गुणाकार करा : ८४ वॅट-तास. पीसी आणि सीआरटी मॉनिटर मिळून २०० वॅट धरले तरी कागदावर पंचवीस मिनिटं. प्रत्यक्षात त्याच्या निम्मी मिळाली तरी नशीब. मावसभाऊ सांगलीत मेकॅनिकलला होता. त्याला गेम नको होता, त्रिमिती मॉडेल फिरवायचं होतं. ऑनबोर्डवर गिअरबॉक्स एवढा अडखळत फिरायचा की गिअर कुठे अडतोय की कंप्युटर, हेच कळायचं नाही. रेंडर लावायचा तो रात्री लाइट आल्यावर, आणि पहाटेच्या भारनियमनाआधी संपेल या आशेवर. त्याच्यासाठी कार्ड ही चैन नव्हती, प्रोजेक्ट सबमिशन होतं.

२००४ मध्ये एजीपी जाऊन पीसीआय एक्स्प्रेस आलं. मोठ्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळायला लागले. एक साधा छताचा पंखा खातो तेवढे! पण जुनं कार्ड नव्या बोर्डात बसेना, नवा बोर्ड जुना प्रोसेसर घेईना. अपग्रेड म्हणजे निम्मा पीसी नवा. त्यात २००६ च्या नोव्हेंबरमधल्या ८८०० जीटीएक्सला एसएमपीएसमधून दोन जादा वायरी लागायच्या. आमच्याकडच्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असायचं, पण कार्डाला लागते ती १२ व्होल्टची लाइन. स्टिकरवर तिथे १४ अँपिअर असेल तर १६८ वॅट झाले, तेही प्रोसेसरसकट. मोठा आकडा वाचायचाच नाही, १२ व्होल्टचा रकाना वाचायचा. माझ्या मते त्या काळी शिकण्यासारखी सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच होती.

म्हणून आमच्या दोन गावांपुरता कार्डांचा इतिहास मी वेगळा लिहितो. त्यात बेंचमार्कचे राजे नाहीत, फक्त स्लॉटच्या विजेवर भागवणारी कार्डं आहेत. २००७ चं ८६०० जीटी. मावसभावाने हेच घेतलं, तपकीर गल्लीतून, आणि पुण्याहून एसटीत मांडीवर घेऊन आला. मग २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय, ६० वॅट. २०१६ चं १०५० टीआय, ७५. दुसरीकडे राजेमंडळी २०२५ च्या आरटीएक्स ५०९० पर्यंत ५७५ वॅटवर पोचली. ८४ वॅट-तासांच्या त्या बॅटरीचा हिशोब तुम्हीच करा.

२०२४ मध्ये ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० आलं, ७० वॅटचं, वेगळी वायर नको. मावसभाऊ आता सांगलीत स्वतःचं डिझाइनचं काम करतो. त्याने तेच बसवलंय. एसएमपीएस नवा, चांगल्यापैकी. यूपीएस मात्र अजून ६०० व्हीए चाच आहे.