धान, घर आणि गिरणी

गडचिरोलीहून मुरूमगावमार्गे छत्तीसगडात जाणाऱ्या रस्त्यावर धानोरा लागते. तालुक्याचे ठिकाण, भोवती जंगल, आणि जंगलाने जिथे जागा सोडली तिथे धानाच्या बांध्या. गावाच्या नावातच धान ऐकू येते. व्युत्पत्ती काही का असेना. या जिल्ह्याच्या उद्योगांविषयी अलीकडे जे लिहिले जाते, त्यातली बहुतेक जागा सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प व्यापून टाकतात. मोठी गोष्ट दुरूनही दिसते, त्यात नवल नाही. मात्र इथल्या ताटाशी आणि उधारीच्या वहीशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, ते उद्योग लहान आहेत आणि घरचे आहेत : राईस मिल, आरा गिरणी, ट्रॉल्या-नांगर जोडून देणारे वर्कशॉप, बारदान्याचे दुकान. त्यांच्याकडे तुम्ही थोडे थांबून पाहावे, एवढीच या पानांची विनंती आहे.

‘औद्योगिक क्षेत्र’ म्हटले की तारेच्या कुंपणातले आखीव भूखंड डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ते चित्र राज्यभर रुजले. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र जमिनीचाच प्रश्न वेगळा. गडचिरोलीचा बहुतांश भाग वनाखाली, आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने त्या जमिनीचा दुसरा वापर केंद्राच्या परवानगीशी बांधला गेला. त्यामुळे कुंपणातल्या भूखंडांइतकेच रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडांकडेही लक्ष असू द्या. धानाचा व्यापार आणि गिरण्या जिथे जमल्या, त्या वडसा (कागदोपत्री देसाईगंज), आरमोरी, मूल, सिंदेवाही, नागभीड या गावांकडे धानोऱ्याचे धान जुन्या वाटांनीच जाते. वडशाला रेल्वे होती, म्हणून व्यापार तिथे स्थिरावला.

नवख्या वाचकांनी सुरुवात गिरणीपासून करावी, असे मी सुचवेन. एक यंत्र समजले की अर्धा विषय समजतो. पूर्वी गावोगाव हलर असे. पुष्कळ ठिकाणी तो किर्लोस्करांच्या ऑइल इंजिनावर चाले, आणि इंजिनाचा ठेका ऐकूनच गावाला कळे की आज भरडाई सुरू आहे. हलरमध्ये तूस आणि कोंडा एकाच फेरीत निघतात, एकमेकांत मिसळतात, आणि तांदूळ बराच तुटतो. नंतरच्या शेलरमध्ये रबरी रोलर आधी फक्त तूस काढतात. पॉलिशर नंतर कोंडा काढतो. फरक बारीक वाटेल, पण घराचे अर्थकारण त्यानेच बदलले. शुद्ध कोंडा वेगळा निघू लागल्यावर तेल काढणाऱ्या कारखान्यांकडून त्याला भाव मिळू लागला. तूस वीटभट्टीला किंवा उकड्या तांदळाच्या बॉयलरला जाते, कणी कोंबड्यांच्या खाद्याला. आज सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ जमा करावा लागतो, उकडा असेल तर ६८. गिरणीवाल्याची कमाई केवळ भरडाईच्या दरात शोधू नका; उरलेल्या ३३ किलोंतही शोधा. धान किती सुकलेले आले, किती तुटले, यावर घरातले वर्ष बरे की वाईट ते ठरते.

या यंत्रामागे कायदाही चालत होता. १९५८ च्या भात गिरणी नियमन कायद्यानुसार गिरणी टाकायला परमिट आणि चालवायला परवाना लागे. हा कायदा १९९७ मध्ये रद्द झाला. तोवर परवाना हीच भिंतीत बसवलेली मालमत्ता होती. आरा गिरण्यांच्या बाबतीत तर ती अजूनही आहे. जंगलात केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय आरा गिरणी चालवायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितले. २००२ च्या आदेशाने नव्या गिरणीची वाटही जवळजवळ बंद केली. परिणाम असा की वाटणीच्या वेळी पात्यापेक्षा, जागेपेक्षाही, परवान्याच्या कागदावर कोणाचे नाव लागणार याची चर्चा अधिक होते. धंदा मुलाला दिला असे आपण सहज म्हणून जातो. काय दिले, हे विचारायला हवे.

घर हा शब्द इथे नुसता भावनेचा नाही. अविभक्त हिंदू कुटुंब ही आयकराच्या कायद्यातली स्वतंत्र व्यक्ती आहे, आणि तिचा ‘कर्ता’ असतो. बँकेत सही कर्त्याची, काट्यावर धाकटा भाऊ, खरेदीला पुतण्या, अशी कामे वाटलेली दिसतात. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क दिला. देशाने २००५ मध्ये दिला. भागीदारीच्या कागदावर सुनेचे नाव असते, ती काट्यावर दिसते का, हे तुम्ही स्वतः पाहा. मला तरी या विषयातला सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग तोच वाटतो.

धानोरा तालुक्याने इथल्या व्यापाराला आणखी एक वळण दिले. तालुक्याच्या गावापासून तीनेक किलोमीटरवर मेंढा (लेखा) आहे. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तोवर ज्या मालाचा सौदा वनखाते आणि ठेकेदार यांच्यात होई, त्यात गावच विकणारा झाला. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूपानाचाही लिलाव स्वतः करू लागल्या. एका पुड्यात ७० पाने, हा हिशेब मजुराला आधीपासून ठाऊक होताच. आता दराची बोलणीही त्याच्या समोर होतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच प्रकारच्या विक्रेत्याशी बोलायची सवय असलेल्या व्यापारी घरांना हे नवे वळण शिकावे लागले. काहींना ते रुचले नाही, हेही नोंदवायला हवे.

धानाच्या नावांचा इतिहासही वाचकांनी सोडू नये. नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून उभे केलेले वाण बाजारात गेले, आणि त्या काळी मनगटा-मनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव त्याला चिकटले : एचएमटी. शेतकऱ्याचे कष्ट, व्यापाऱ्याचे बारसे. दादाजी २०१८ मध्ये वारले. त्या नावाच्या तांदळाची थैली आजही दुकानात दिसते. आणि थैली दिसलीच तर तिचे वजनही वाचा. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पॅकबंद तांदळावर पाच टक्के जीएसटी लागला, आणि बाजारात २६ आणि ३० किलोच्या थैल्या दिसू लागल्या. कायदा किती लवकर शिवणयंत्रापर्यंत पोचतो, ते तेव्हा कळले.

कागदपत्रे पाहायची तर सरकारी खरेदीचे दर, आदिवासी विकास महामंडळाच्या आणि आविका (आदिवासी विविध कार्यकारी) सहकारी संस्थांच्या खरेदीचे आकडे, परवान्यांच्या नोंदी हाताशी ठेवा. पण वहीत जे लिहिलेले नसते ते ऐकायला गिरणीवर जावे लागते, आणि केव्हा जावे हेही महत्त्वाचे. दिवाळीनंतर धान यायला लागते. त्याच दिवसांत वडशाच्या नाट्यमंडळ्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत रात्ररात्र प्रयोग करीत फिरतात. प्रेक्षकाच्या खिशातला पैसाही त्याच धानाचा असतो. त्या महिन्यांत मालकाला फुरसत नसते, तरीही तेव्हाच जा. आधी काट्याजवळ उभे राहा, हमालांशी बोला, मुठीत कणी घेऊन पाहा. उलाढाल किती, हा प्रश्न चहा झाल्यावर विचारा.