दिवस गेलेत का, हे आधी कुणाला कळायचं?

आज मेडिकलमध्ये शंभर रुपयांच्या आत एक किट मिळतं. सकाळच्या लघवीचे दोन-तीन थेंब, पाच मिनिटं, आणि एक रेघ की दोन ते समोर दिसतं. ही एवढीशी गोष्ट बाईच्या हातात यायला किती काळ गेला, माहितीये?

सुरुवात इजिप्तपासून. सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या एका पपायरसवर लिहिलंय, बाईने गव्हाच्या आणि सातूच्या दाण्यांवर रोज लघवी करायची. दाणे उगवले तर दिवस गेलेत. हसू नका! १९६३ मध्ये हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा गरोदर बायकांच्या सुमारे ७० टक्के नमुन्यांवर दाणे उगवले. कोणतं धान्य उगवलं त्यावरून मुलगा की मुलगी तेही सांगायचे. तो भाग मात्र साफ खोटा निघाला.

खरी चाचणी आली १९२७-२८ मध्ये, बर्लिनला. गर्भ गर्भाशयात रुजला की एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते लघवीत उतरतं. अशहाइम आणि झोंडेक या दोघांनी बाईची लघवी उंदराच्या पिल्लांना टोचली, काही दिवसांनी ती मारून त्यांची बीजकोषं तपासली. पुढे आफ्रिकेतले बेडूक आले. बेडकीला टोचलं की दिवसाभरात ती अंडी घालायची, आणि जिवंत राहायची. १९६० मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी प्राणी बाजूला ठेवून काचेच्या नळीत चाचणी करून दाखवली.

पण एक गोष्ट बदलली नव्हती. नमुना प्रयोगशाळेत, उत्तर डॉक्टरकडे, आणि जिचं पोट ती बाई वाट बघत घरी.

१९६७ मध्ये अमेरिकेत मार्गारेट क्रेन ही २६ वर्षांची डिझायनर एका औषध कंपनीत कामाला होती. प्रयोगशाळेत नळ्यांच्या रांगा आणि त्यांच्याखाली आरसा बघून तिला वाटलं, यात आहे काय एवढं? हे तर बाई घरी करू शकेल! तिने प्लॅस्टिकच्या डबीत नळी, ड्रॉपर आणि आरसा बसवला. कंपनी कचरली. गिऱ्हाईक डॉक्टर, ते नाराज झाले तर? शेवटी १९७१ मध्ये किट कॅनडात विकायला आलं. पेटंट क्रेनच्या नावावर होतं, पण हक्क तिने एका डॉलरला लिहून दिले होते.

आता आपल्याकडे या. त्याच १९७१ साली आपल्या संसदेने गर्भपाताचा कायदा केला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही ठरावीक परिस्थितीत २४ पर्यंत मुभा आहे. पण आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात! पाळी अनियमित असेल, घरी बोलायची चोरी असेल, तर दोन-तीन महिने असेच निघून जातात.

आणि मूल हवं असेल तरी घाई आहेच. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया पहिल्या काही आठवड्यांतच बसतो, अनेकींना कळायच्या आधीच. म्हणून तर फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यायला सांगतात.

सरकारी योजनेत आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं किट ठेवलंय. आपल्या गावात ते मिळतं का, विचारा. मिळत नसेल तर ग्रामसभेत विषय काढा. आणि घरातल्या मुलींना पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहायची सवय लावा. एकच रेघ आली आणि पाळी आलीच नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासा. पोटात जोरात दुखत असेल तर पट्टीवर विसंबू नका, दवाखाना गाठा.

बातमी तिच्या शरीराची आहे. ती सगळ्यात आधी तिला कळू द्या.