लेसर झोताच्या आडव्या आकाराचे नियंत्रण

लेसर झोताच्या प्रवासाच्या दिशेला काटकोनात असलेल्या प्रतलात प्रकाशाची तीव्रता ज्या रीतीने पसरलेली असते, तिला झोताचा आडवा आकार म्हणतात. गुरुत्वीय लहरींच्या मापनात या आकाराचे नियंत्रण अत्यावश्यक असते. वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारण्यात येणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेचे कार्यही त्यावर अवलंबून राहील.

आडवे मोड

लेसरच्या दोन आरशांमधील पोकळीत प्रकाशाचे ठरावीक आकारच टिकतात. त्यांना आडवे मोड म्हणतात. मूलभूत मोड गाऊसीय असतो: तो मध्यभागी सर्वाधिक तेजस्वी असून कडेकडे मंदावत जातो. उच्च मोडांत अनेक ठिपके किंवा वलये दिसतात. गाऊसीय झोत पुढे जाताना आकार बदलत नाही, केवळ रुंदावतो. त्याची कंबर जितकी बारीक, तितका तो वेगाने पसरतो. म्हणून लायगोच्या ४ किमी लांबीच्या भुजांमध्ये आरशांवरील झोताची त्रिज्या सुमारे ५ ते ६ सेंमी ठेवली जाते.

नियंत्रणाच्या पद्धती

* छिद्र: उच्च मोड अधिक रुंद असल्याने पोकळीतील लहान छिद्रामुळे त्यांचा ऱ्हास अधिक होतो.
* मोड क्लीनर: या स्वतंत्र पोकळीची लांबी मूलभूत मोडच्या अनुनादासाठी जुळवलेली असते. प्रत्येक फेरीत उच्च मोडांची कला वेगळ्या प्रमाणात बदलत असल्याने त्यांचा अनुनाद होत नाही व ते परावर्तित होतात. लायगोमध्ये तीन आरशांची त्रिकोणी पोकळी यासाठी वापरतात.
* मोड जुळवणी: भिंगे व वक्र आरसे वापरून झोताची रुंदी व वक्रता पुढील पोकळीशी जुळवतात.
* उष्णता-भरपाई: आरशाने शोषलेल्या अल्प प्रकाशाने तो तापून भिंगासारखा वागू लागतो. कडेभोवतीचा तापक आणि कार्बन डायऑक्साइड लेसर यांनी हा दोष दूर करतात.

महत्त्व

उच्च मोडांतील प्रकाश उपयुक्त संकेत वाहून नेत नाही. मात्र शोधकावर पडल्यास गोंगाट वाढवतो. त्यामुळे शोधकापूर्वीही एक मोड क्लीनर बसवतात.

लायगो-इंडिया

केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी या प्रकल्पास तत्त्वतः, तर एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चासह अंतिम मान्यता दिली. पुण्यातील आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग आहे.