क्लिफर्ड्स टॉवर: फोटोत न मावलेलं यॉर्क

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात काढलेला एक फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला होता. गोल हिरवी टेकडी, उतारावर पिवळ्या डॅफोडिल्सचा गालिचा, माथ्यावर पांढरट दगडाचा बुरूज आणि त्यावर मावळतीचं ऊन. दहा मिनिटांत पाच-सहा ‘माशाअल्लाह’ आले. एका चुलतभावाने तर तो डीपीला लावला. अजून आहे. त्याचा मेसेज आला की ती टेकडी दिसते आणि मला जरा ओशाळल्यासारखं होतं. फोटो चांगला आलाय, अडचण तीच आहे.

भाच्याकडे लीड्सला गेलो होतो. तिथून यॉर्क रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येतं. मार्चचे शेवटचे दिवस, रमजान सुरू. रोज्यात फोटोग्राफरची एक सोय असते, सूर्य नक्की किती वाजता मावळणार हे त्याला मिनिटापर्यंत पाठ असतं. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास म्हणजे दगडावर ऊन सर्वांत छान पडण्याची वेळ. मी टेकडीच्या पायथ्याशी, पार्किंगच्या बाजूला कॅमेरा इतका खाली धरला की गाड्या फ्रेमबाहेर गेल्या आणि फुलं बुरुजाला जाऊन टेकली. भाचा म्हणाला, “मामू, पोस्टकार्ड झालं.” झालं होतंच. तिथे येणारा प्रत्येक जण तोच फोटो काढतो.

त्या टेकडीवर 16 मार्च 1190 च्या रात्री सुमारे दीडशे ज्यू मेले. बायका, मुलं, म्हातारे, सगळे.

गोष्ट सुरू होते जेरुसलेमपासून. 1187 साली सलाहुद्दीन अय्यूबीने ते शहर घेतलं आणि युरोपात तिसऱ्या क्रुसेडची तयारी सुरू झाली. त्या खर्चासाठी 1188 मध्ये इंग्लंडमध्ये जो कर बसला त्याचं नावच मुळी ‘सलादिन दशांश’. सप्टेंबर 1189 मध्ये रिचर्डचा राज्याभिषेक झाला. भेटी घेऊन आलेल्या ज्यूंना दारावरच मारहाण झाली आणि लंडनमध्ये दंगल पेटली. यॉर्कमधले दोन मोठे सावकार, बेनेडिक्ट आणि जोस, या सोहळ्याला गेले होते. जखमी बेनेडिक्टचा जबरदस्तीने बाप्तिस्मा केला गेला. दुसऱ्या दिवशी त्याने राजासमोर सांगितलं की मी ज्यूच आहे. परतीच्या वाटेवर तो वारला. जोस एकटा घरी पोचला.

रिचर्ड समुद्रापलीकडे गेला आणि दंगली एका गावातून दुसऱ्या गावात सरकू लागल्या. लिन, नॉरिच, स्टॅमफर्ड. पूर्वेला जाऊन लढायचं ते लढू, पण धर्माचे शत्रू तर इथे शेजारीच राहतात, असा त्या वेळचा हिशेब. यॉर्कमध्ये त्या हिशेबाला दुसरा एक हिशेब येऊन मिळाला. पुढारी होते रिचर्ड मालेबीससारखे जमीनदार, जे ज्यू सावकारांचे कर्जदार होते. आधी बेनेडिक्टचं घर लुटलं गेलं, त्याची विधवा आणि घरातली माणसं मारली गेली. तेव्हा जोस आणि बाकीची कुटुंबं राजाच्या किल्ल्यात आश्रयाला गेली. ज्यू कायद्याने राजाच्या संरक्षणाखाली होते, त्यामुळे जागा बरोबर निवडली होती. पण किल्लेदार काही कामाने बाहेर गेला आणि आतल्यांना वाटलं, हा आपल्याला विकायला गेला. तो परतल्यावर त्यांनी दार उघडलं नाही. मग शेरीफने किल्ला परत घेण्याचा हुकूम दिला. जमावाला एवढंच हवं होतं.

दगडफेकीची यंत्रं आणली गेली तेव्हा आतल्यांना शेवट कळला. रब्बी योम तोव हे फ्रान्समधून आलेले आलिम. शत्रूच्या हातून मरण्यापेक्षा आपणच आपला जीव देऊ, असं त्यांनी सांगितलं. बापांनी आधी बायकामुलांना मारलं, मग स्वतःला. बुरुजाला आग लागली. ज्यांना हे जमलं नाही ते सकाळी बाप्तिस्मा घ्यायच्या आश्वासनावर बाहेर आले आणि दाराशीच कापले गेले. हे सगळं लिहून ठेवलं विल्यम ऑफ न्यूबर्ग या यॉर्कशरमधल्याच एका धर्मगुरूने. ज्यूंबद्दल त्याला काडीचं प्रेम नव्हतं, तरी मारेकऱ्यांचा हेतू त्याने लपवला नाही. कारण पुढचा प्रसंगही त्यानेच नोंदवलाय. कत्तल संपल्यावर जमाव थेट मिन्स्टरमध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चमध्ये गेला, तिथे सांभाळायला ठेवलेले कर्जाचे कागद ताब्यात घेतले आणि चर्चच्या आतच जाळले.

मला या प्रकरणातलं सर्वांत बोलकं वाटतं ते त्यानंतरचं. राजा चिडला, शहराला दंड झाला, पण दीडशे जीवांसाठी फासावर कोणी गेलं नाही. 1194 मध्ये मात्र नवा नियम आला की ज्यूंच्या प्रत्येक कर्जकराराची प्रत ठरावीक शहरांतल्या सरकारी पेट्यांत ठेवायची. सावकार मेला तर त्याच्या येण्यावर राजाचा हक्क पोचत होता आणि जळालेल्या कागदांत राजाचाही पैसा जळाला होता. पुन्हा असं झालं तर निदान कागद वाचावेत, याची तजवीज झाली.

तिकडे रिचर्ड अक्कापर्यंत पोचला. 1191 मध्ये त्याने तिथे शरण आलेले अडीच हजारांहून जास्त मुस्लिम कैदी उघड्यावर मारले. अक्काची ती गोष्ट आमच्याकडे वाझमध्ये ऐकली होती. यॉर्कची कधीच नाही, जरी दोन्ही एकाच मोहिमेच्या वाटेवर घडल्या. सलाहुद्दीनच्या जेरुसलेममध्ये ज्यूंना पुन्हा राहायची मुभा मिळाली, हेही खरं. पण लगेच पाठ थोपटून घ्यायला नको. त्याच शतकात अंदलुसमध्ये मुवाहिदांच्या राज्यात ज्यूंवर धर्म सोडा नाहीतर देश सोडा अशी वेळ आली होती. मूसा बिन मैमूनचं घराणं कुर्तुबा सोडून निघालं ते त्यामुळेच, आणि पुढे तोच मूसा काहिऱ्यात सलाहुद्दीनच्या दरबारी मंडळींचा हकीम झाला.

आता फोटोकडे येतो. माझ्या फोटोतल्या बुरुजाने ती रात्र पाहिलेली नाही. 1190 चा बुरूज लाकडी होता, तो गेला. आज दिसणारा, वरून चार पाकळ्यांच्या फुलासारखा दिसणारा दगडी बुरूज तिसऱ्या हेन्रीने 1245 नंतर बांधायला घेतला. त्याचं मूळ छप्पर वेढ्यात उडालं असेल, असं बघणाऱ्याला वाटतं. ते गेलं 1684 मध्ये, आतल्या दारूगोळ्याला आग लागून. त्या दिवशी सेंट जॉर्जचा सण होता आणि तोफांची सलामी दिली होती. आतल्या भिंतींवर जी गुलाबी झाक दिसते ती त्या आगीने भाजलेल्या चुनखडीची. कॅमेऱ्यात ती फार सुरेख येते. 1190 ची राख असलीच तर पायाखाली आहे. 1902 च्या सुमारास पाया भक्कम करताना टेकडीच्या आत खोलवर जळक्या लाकडाचा थर लागला होता.

इंग्लंडमधलं भग्न वास्तूंचं सौंदर्य बरंचसं कमावलेलं आहे, हे तिथे फिरताना हळूहळू लक्षात येतं. यॉर्कच्या उत्तरेला रिव्हॉल्क्स नावाचा मठ आहे. आठव्या हेन्रीने मठ बंद करून त्यांची मालमत्ता जप्त केली, त्यात हाही 1538 मध्ये गेला. छतावरचं शिसं काढून घेतलं आणि भिंती सोडून दिल्या. 1854 मध्ये रॉजर फेंटनने त्याचे फोटो काढले. पुढच्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढणारा तोच हा. त्याच्या फोटोंत कमानींवर वेली चढल्यात आणि सरकारी लुटीची जागा एखाद्या उदास कवितेसारखी दिसते. विसाव्या शतकात सरकारी खात्याने अशा वास्तू ताब्यात घेतल्या, वेली उपटल्या, मलबा हलवला आणि खाली कापलेली हिरवळ अंथरली. पोस्टकार्डातलं इंग्लंड म्हणजे ही हिरवळ.

आपल्याला ती ओळखीची वाटते त्यालाही कारण आहे. लॉर्ड कर्झनने हिंदुस्थानात 1904 मध्ये प्राचीन वास्तूंच्या जतनाचा कायदा केला, ताजच्या बागेची डागडुजी केली. मायदेशी परतल्यावर त्याने 1911 मध्ये टॅटरशॉलचा विटांचा किल्ला विकत घेतला, कारण त्यातल्या कोरीव शेकोट्या उखडून विकायला काढल्या होत्या. त्याने त्या शोधून परत बसवल्या. पुढे बोडियमचाही किल्ला घेतला आणि मरताना दोन्ही नॅशनल ट्रस्टला दिले. बंगाल तोडणारा माणूस किल्ले जोडत होता. आग्र्याचा ताज असो की औरंगाबादचा बीबी का मकबरा, समोर उभं राहिलं की हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो आणि प्रश्न बाजूला पडतात. हिरवळीचा तो गुण आहे.

क्लिफर्ड्स टॉवरच्या पायथ्याशी 1978 मध्ये एक स्मरणशिला बसवली गेली. तोवर तिथे काही नव्हतं. म्हणजे जवळजवळ आठशे वर्षं लोक नुसताच बुरूज बघत होते. शिला लहान आहे आणि माझ्या त्या फ्रेममध्ये कुठेच बसत नव्हती. डॅफोडिल्ससुद्धा अलीकडचे, 1990 नंतर लावलेले. सहा पाकळ्यांचं पिवळं फूल, दाऊदच्या सहा कोनी ताऱ्याची आठवण म्हणून, आणि ते फुलतं नेमकं मार्चमध्ये. मी ज्याला शोभा समजून फ्रेममध्ये पुढे घेतलं ती सगळी टेकडी फातिहाची चादर होती. हे मला फोटो टाकल्यावर कळलं, गाडीत बसून वाचताना.

त्या रात्री इफ्तार झाल्यावर भाच्याला सगळं सांगितलं आणि म्हणालो, यावर लिहितो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामू, आत्ता? गाझात रोज काय चाललंय बघताय ना?” बघत होतो. दस्तरखानावर बसलं की आधी तीच बातमी निघायची. त्याचा राग मला समजतो आणि मी त्याला कमी लेखत नाही. मी त्याला एवढंच विचारलं की जोसच्या मुलांनी कोणाचं घर पाडलं होतं? तो म्हणाला, “प्रश्न तो नाही.” मला अजून वाटतं की प्रश्न तोच आहे. आमचं त्यावर एकमत झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो स्वतः म्हणाला, चला, परत जाऊ.

परत जायचं कारण म्हणजे मला ज्यूबरी बघायची होती. कत्तलीनंतर काही वर्षांनी ज्यू यॉर्कमध्ये पुन्हा आले, तेराव्या शतकात चांगले नावारूपाला आले आणि 1290 मध्ये पहिल्या एडवर्डने सगळ्याच ज्यूंना देशाबाहेर काढलं. साडेतीनशेहून जास्त वर्षं इंग्लंडमध्ये त्यांना राहायची परवानगी नव्हती. त्यांचं कब्रस्तान म्हणजे ज्यूबरी. 1982-83 मध्ये तिथे बांधकामाआधी उत्खनन झालं आणि जवळपास पाचशे सांगाडे निघाले. 1984 मध्ये ते तिथल्याच मातीत परत दफन केले गेले. वर आज एका सुपरमार्केटचं पार्किंग आहे.

ढगाळ दुपार होती. फोटोसाठी तिथे काहीच नव्हतं. खांब, पिवळे पट्टे, ट्रॉल्या, एक बाई डिकीत सामान ठेवत होती. कब्रस्तानाजवळून जाताना सलाम करायची लहानपणापासूनची सवय, तो ओठांवर आलाच. भाच्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. मी तीन फोटो काढले. त्यातला एक, पार्किंगचा, मी ग्रुपवर टाकला आणि खाली चार ओळी लिहिल्या. कोणीच काही म्हणालं नाही. रात्री उशिरा फक्त त्या चुलतभावाचा मेसेज आला: “भाईजान, हा चुकून आला का?”